इग्निशन स्विच घरी बदलताना: वाचकांचे प्रश्न

सेल मारला की इंजिन सुरू होतं, पण किल्ली सोडताच बंद पडतं. स्विच गेला का?

शक्यता मोठी आहे. ‘ऑन’च्या जागचा संपर्क झिजला की असंच होतं. पण सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर दोष इम्मोबिलायझरचा, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा. स्विच बदलून काही उपयोग नाही. खात्रीसाठी स्विचचा कनेक्टर (तारांचा प्लग) जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने मल्टीमीटर लावा. ‘ऑन’वर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, किंवा किल्ली हलवताच आकडा नाचला, तर स्विच बदला.

किल्लीचं लॉकही बदलावं लागेल का?

नाही. किल्ली फिरते ते लॉक. स्विच म्हणजे त्याच्या मागे बसणारी प्लॅस्टिकची डबी, बहुतेक गाड्यांत एक-दोन बारीक स्क्रूंवर. किल्ली अडकत असेल तर लॉक खराब, सहज फिरूनही वीज येत नसेल तर स्विच.

एअरबॅगची भीती वाटते. काढायचा कसा?

भीती योग्य आहे. चाकं सरळ करा, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला बांधा आणि निदान दहा मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या यंत्रणेत वीज साठवलेली असते, ती आधी उतरू द्या. मग स्टिअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू काढा. पिवळ्या कनेक्टरला आणि पिवळ्या तारांना हात नको, मीटरसुद्धा नको. स्टिअरिंग काढल्याशिवाय स्विच निघत नसेल, तर काम गॅरेजला द्या.

कनेक्टर कळ दाबून काढा, तारा ओढू नका. जुन्या स्विचची खाच कोणत्या दिशेला आहे, त्याचा फोटो घ्या. नवा नेमका तसाच बसला पाहिजे. नीट बसत नसताना स्क्रूने आवळला तर डबी तडकते. कव्हर लावण्याआधी बॅटरी जोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), हँडब्रेक ओढा आणि किल्लीची प्रत्येक जागा तपासा. ‘स्टार्ट’वरून किल्ली आपोआप मागे आलीच पाहिजे. नाही आली तर सेल (स्टार्टर मोटर) फिरतच राहून जळेल. लगेच बंद करून स्विच पुन्हा बसवा.

नवा स्विच महिनाभरात जळला. माल खराब होता का?

आधी कनेक्टर पाहा. त्यातली एखादी खाच तपकिरी पडली आहे का, प्लॅस्टिक वितळून कडा गोल झाली आहे का? सैल पकडीमुळे तिथे विजेला होणारा विरोध वाढतो, उष्णता होते आणि ती नव्या स्विचच्या पिनलाही जाळते. अशा वेळी तारांसकट नवा कनेक्टर जोडावा. जास्तीचे दिवे किंवा अॅम्प्लिफायर इग्निशनच्या तारेवर थेट जोडले असतील, तर ते काढून रिलेमार्फत (कमी विजेच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवा.