क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही गाजवलेला भारतीय खेळाडू कोणी झाला आहे का?

ताई, तुमचा मुलगा तेरा वर्षांचा, बीडला दोन्ही खेळतो आणि अकॅडमीचे सर म्हणतात एक सोड. मी परभणीला शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न दर जूनमध्ये कोणी ना कोणी पालक विचारतातच. असा खेळाडू झालाय का? झालाय, चुनी गोस्वामी. फुटबॉलमध्ये भारताचा कर्णधार, क्रिकेटमध्ये बंगालच्या रणजी संघाचा कर्णधार.

जन्म १९३८ चा, किशोरगंजचा, म्हणजे आताच्या बांगलादेशातला. मोठा फुटबॉल क्लब आयुष्यात एकच, कलकत्त्याचा मोहन बागान, १९५४ ते १९६८. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतानं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं तेव्हा कप्तान हाच. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर याचे दोन गोल, मग अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. निजामाच्या काळात आपलीही राजधानी तीच होती, पण मराठवाड्यात रहीमसाहेबांचं नाव घेणारे किती सापडतील?

ती स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली आणि त्याच १९६२-६३ च्या हंगामात चुनी बंगालकडून रणजी खेळायला उतरला. मधल्या फळीत फलंदाजी, जोडीला मध्यमगती गोलंदाजी. १९६६ च्या डिसेंबरात इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडीजला मध्य आणि पूर्व विभागाच्या एकत्रित संघानं डावानं हरवलं, त्या सामन्यात याच्या आठ विकेट होत्या. कसोटी मात्र कधी खेळला नाही. प्रथम श्रेणीचे ४६ सामने, १५९२ धावा, ४७ बळी.

मुंबईनं त्याला दोनदा रडवलं. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात ९६ आणि ८४ केल्या, तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई जिंकली. १९७१-७२ ला कप्तान म्हणून बंगालला फायनलला नेलं, समोर पुन्हा मुंबई, पुन्हा हार. तेव्हाची मुंबई सलग पंधरा वर्षं रणजी जिंकत होती, त्यात याचा काय दोष!

३० एप्रिल २०२० ला चुनी गेला. त्याच दिवशी ऋषी कपूर गेले, त्यामुळं आपल्याकडं ही बातमी कोपऱ्यातच राहिली.

आता तुमच्या मुलाचं. चुनीला दोन्ही जमलं ते अंगातल्या गुणांमुळं, हे खरंच. पण तेव्हाचं वेळापत्रकही सोयीचं होतं. कलकत्त्याची फुटबॉल लीग पावसाळ्यात, रणजी हिवाळ्यात. शिवाय आंतरराष्ट्रीय फुटबॉल त्यानं १९६४ लाच थांबवलं आणि फुटबॉल सुटल्यावर क्रिकेट जास्त फुललं. आज आयएसएल ही देशातली मोठी फुटबॉल लीग आणि रणजी दोन्ही बहुधा हिवाळ्यात येतात, त्यामुळं वरच्या पातळीवर दोन्ही धरणं जवळपास अशक्य.

तेराव्या वर्षी मात्र ही अडचण नाही. आपल्या काळ्या रानातल्या मैदानाचं तुम्हाला सांगायला नको. एक सर पडली की बुटाखाली चिखलाचा थर चढतो, पाय उचलला की वजन कळतं आणि टप्पा पडलेला चेंडू जागीच बसतो. त्या चिखलात पोरं फुटबॉल खेळतात, पायात ताकद येते, तोल सुधारतो. तीच पोरं दिवाळीनंतर क्रिकेटच्या मॅटिंगवर आली की क्षेत्ररक्षणात वेगळी दिसतात, हे मी बघत आलोय. जपायचं ते गुडघा आणि घोटा. आणि एकाच आठवड्यात दोन्हीकडच्या मॅचेस लावू नका, तिथं लेकराचा पिट्टा पडतो. सोळा-सतराव्या वर्षी निवड चाचण्या सुरू झाल्या की काय धरायचं ते पोरगा स्वतःच सांगेल.

तोवर अकॅडमीच्या सरांना एवढंच विचारा की जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडं क्रिकेट नेमकं किती दिवस होतं? आमच्याकडं तरी तेव्हा विकेटवर ताडपत्रीच असते.