उडी चुकली, पण कोणाची?

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेलं दीड वर्ष एकटाच एक प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे धावत-उड्या मारत पुढे जायचा गेम, बनवतोय, जुन्या 8-बिट धाटणीचा, ठोकळ्यांच्या चित्रांचा. टीव्हीवर एक स्पर्धा चालते, कैद्यांना तिच्यात धावायला लावतात, वाटेत खड्डे, काटे, करवती. कैदी मेला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. गेम अवघडच हवा म्हणून मी कुठेही सवलत ठेवली नाही. नऊ मित्रांना खेळायला दिला, पण तिसऱ्या लेव्हलच्या पुढे एकही गेला नाही. त्यांच्या मते गेम चीटिंग करतो, माझ्या मते जुने गेम असेच असायचे. कोण बरोबर? आणि शेवटची लेव्हल अजून व्हायचीय. कोणी पोचतच नसेल तर ती बनवू का? गेम आणि उडीचे आकडे सोबत पाठवतोय.

उत्तर : तुझे मित्र बरोबर आहेत. पण तुझा गेम टाकाऊ नाही. तो चांगला आहे, म्हणूनच एवढं लांब उत्तर लिहितेय.

दोन संध्याकाळी खेळले. अवघड गेम खेळताना मी शेजारी वही ठेवते. प्रत्येक मरणाला एक रेघ, आणि रेघेपुढे एक अक्षर. मेल्याक्षणी तोंडातून ‘श्या, उशीर केला’ निघालं तर ‘मा’, म्हणजे माझी चूक. ‘हे कुठून आलं?’ निघालं तर ‘गे’, म्हणजे गेमची. तुझ्या तिसऱ्या लेव्हलला 47 रेघा झाल्या. त्यात ‘मा’ 16 आणि ‘गे’ 31. अवघड गेममध्ये रेघा कितीही होऊ देत, त्या जवळपास सगळ्या ‘मा’ असायला हव्यात.

आता त्या 31 कुठल्या ते सांगते. पहिली जागा लाल दिव्यांच्या बोळातली. तिथे छतातून करवत सुटते आणि 10 फ्रेममध्ये जमिनीवर येते. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. तुझा गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे 10 फ्रेम हा सेकंदाचा सहावा भाग. डोळ्याला दिसून बोट हलायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. करवत दिसली तेव्हा कैदी मेलेलाच असतो. पहिल्यांदा कोणीही मरणार, दुसऱ्यांदा पाठांतरावर वाचणार. यात कौशल्याला जागाच कुठे आहे?

दुसरी जागा त्या बोळाच्या टोकाचा खड्डा. आकडे पाठवलेस हे फार बरं केलंस. तुझा कैदी सेकंदाला 120 पिक्सेल धावतो. उडी 64 पिक्सेल उंच, वर जायला 0.4 सेकंद आणि खाली यायला तेवढेच. हवेत एकूण 0.8 सेकंद, म्हणजे उडीची लांबी 96 पिक्सेल. जमीन रचायचा तुझा चौकोन, म्हणजे टाइल, 16 पिक्सेलची, म्हणजे बरोबर सहा टाइल. आणि खड्डाही सहाच टाइलचा! पाय कडेच्या अगदी शेवटच्या पिक्सेलवर असताना बटण दाबलं तरच पार. एक फ्रेम लवकर दाबलं तर समोरच्या कडेला दोन पिक्सेल कमी पडतात, एक फ्रेम उशीर झाला तर पायाखाली जमीन नसते. तू बनवणारा आहेस, तुझ्या अंगठ्याने हे हजार वेळा केलंय, म्हणून तुला तो खड्डा साधा वाटतो. एक टाइल कमी कर. 16 पिक्सेल मोकळे होतील, म्हणजे आठ फ्रेमची मुभा. खड्डा बघून छातीत धस्स व्हायचं ते होईलच.

‘सवलत ठेवली नाही’ हे तू अभिमानाने लिहिलंयस, म्हणून आता जरा ठासून सांगते. 2018 चा ‘सेलेस्ट’ हा गेम कोणी सोपा म्हणणार नाही. त्यात पाय कडेवरून सुटल्यावरही 0.1 सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, उडीचं बटण चालतं. याला कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला कोयोटी, कोल्ह्यासारखा तो प्राणी, कडा ओलांडून क्षणभर हवेत चालतो, त्यावरून हे नाव. शिवाय जमिनीला पाय लागायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ते वाया जात नाही, पाय टेकताच उडी निघते. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याला एवढंच वाटतं की ‘मी वेळेत दाबलं होतं’, आणि गेम म्हणतो, ‘हो, दाबलं होतंस.’ या दोन्ही गोष्टी आज रात्री घाल, दहा-पंधरा ओळींचं काम आहे. काट्यांचं मारक क्षेत्रही चित्रापेक्षा दोन-तीन पिक्सेल आत घे. टोकाला केस घासला म्हणून मेलेला माणूस ‘गे’ची रेघ मारतो.

जुने गेम असेच होते, हे अर्धंच खरं. आर्केडमधल्या यंत्राला दर दोन-तीन मिनिटांनी नवं नाणं हवं असायचं, त्यामुळे तिथे मरण हाच धंदा होता. पण त्या काळातलं उत्तम काम बघ. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्याच लेव्हलमध्ये उत्तरार्धात ठोकळ्यांच्या दोन पायऱ्या समोरासमोर येतात, मध्ये जागा सोडलेली. पहिल्या जोडीत त्या जागेखाली जमीन आहे. पडलास तरी काही होत नाही, चढून पुन्हा उडी मार. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी येते, आणि आता खाली खड्डा आहे. तीच उडी, पण आता जिवावरची. एक शब्द न लिहिता शिकवलं आणि मग परीक्षा घेतली. तुझ्या बोळाआधी तू अशी एक सराव-करवत कुठे ठेवलीयस?

आणि तुझी कथा! टीव्हीवरची स्पर्धा हातात असून तू ती फक्त टाळ्यांसाठी वापरलीस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. जरा विचार कर, अशा स्पर्धेत मरण कुठे येणार हे आधी कोणाला माहीत असतं? कॅमेरामनला. त्याला तो क्षण टिपायचा असतो. म्हणजे करवत सुटण्याआधी अर्धा सेकंद मागच्या भिंतीवरचा कॅमेरा छताकडे वळू दे, त्याचा लाल दिवा लागू दे. 30 फ्रेम झाल्या, भरपूर आहेत. प्रेक्षकांनाही माहीत असतं, कारण त्यांनी हा कार्यक्रम आधी पाहिलाय. खड्ड्याच्या दोन टाइल आधी त्यांचा श्वास रोखल्याचा आवाज येऊ दे. मग खेळणारा प्रेक्षकांचा आवाज कान टवकारून ऐकायला लागेल. ज्यांना त्याचं मरण बघायचंय त्यांच्याच आवाजावरून तो जीव वाचवेल. तुझ्या कथेतली क्रूरता संवादांतून सांगायची गरजच उरणार नाही.

मेल्यानंतरचं दृश्य मात्र आजच काढून टाक. निवेदक हसतो, टाळ्या होतात, चार सेकंद जातात. 47 वेळा चार सेकंद म्हणजे तीन मिनिटं आठ सेकंद मी नुसती बसून होते, आणि त्या चार सेकंदांत नेमका उडीचा अंदाज हातातून निसटतो. 2010 च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये मेलास की पापणी लवायच्या आत पुन्हा सुरुवातीला. आणि लेव्हल पार झाली की तुझे आधीचे सगळे प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात. चाळीस जण एकदम निघतात, एकेक करून गळतात आणि एकच शेवटी पोचतो. हे तर टीव्हीचं पुनर्प्रक्षेपणच झालं. तुझ्या कथेत ते किती चपखल बसेल बघ. टाळ्या तिथे वाजव.

शेवटची लेव्हल बनवच. 1990 चा आर्केडमधला ‘स्मॅश टीव्ही’ तुझ्याच विषयावरचा आहे. वरून दिसणारा, दोन जॉयस्टिकचा, एकाने पळायचं आणि दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. कथा तेव्हाच्या भविष्यातली, 1999 सालच्या टीव्हीवरच्या जीवघेण्या स्पर्धेची. वाटेत किल्ल्या गोळा केल्या की शेवटी ‘प्लेझर डोम’ नावाच्या बक्षिसाच्या खोलीत प्रवेश, असं आमिष होतं. पण सुरुवातीच्या यंत्रांत तो डोम नव्हताच! तिथवर कोणी पोचेल असं बनवणाऱ्यांना वाटलं नव्हतं. लोक पोचले, तक्रारी आल्या आणि डोम नंतर घालावा लागला. तुझा एक जरी खेळाडू शेवटच्या दारापाशी आला तरी दारामागे खोली हवी. त्याने त्यासाठी किती रेघा मारल्या असतील!

खड्डा पाच टाइलचा झाला की पुन्हा पाठव. वही कोरी ठेवतेय.

प्रश्न : माळ्यावरून लहानपणीचा गेम कन्सोल काढला, मोठ्या नव्या टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण दहाव्या वर्षी डोळे मिटून मारायचो त्या उड्या आता जमत नाहीत. प्रत्येक वेळी जरा उशिरा. वय झालं म्हणायचं का?

उत्तर : हाताला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. जुना काचेच्या नळीचा टीव्ही येणारा सिग्नल जसाच्या तसा ओळीओळीने पडद्यावर उमटवायचा, मध्ये थांबायला जागाच नव्हती. नवा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, धारदार करतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. यात 50 मिलिसेकंद गेले तरी तीन फ्रेम गेल्या. वर मी त्या मुलाला एकेका फ्रेमचा हिशेब सांगितलाय, तो तुम्हालाही लागू आहे. तुम्ही जो कडा बघून उडी मारता तो तीन फ्रेम मागचा असतो. शिवाय जुन्या कन्सोलचं 240 ओळींचं चित्र काही टीव्ही चुकीचं ओळखतात आणि त्यावर नको ती प्रक्रिया करतात. त्याने उशीर आणखी वाढतो आणि चित्र थरथरतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. मग मोजून बघा. फोनमध्ये सेकंदाला 240 चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ निघत असेल तर अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा धरा आणि उडी मारा. बटण खाली गेल्यापासून पडद्यावरचा खेळाडू हलेपर्यंतची चित्रं मोजा. चार चित्रांची एक फ्रेम. एक-दोन फ्रेम तर गेमच्या स्वतःच्याच असतात. सोळा-वीस चित्रं निघाली तर दोष टीव्हीचा समजा. तेवढ्याने भागलं नाही तर जुना नळीचा टीव्ही कोणाकडे पडून असेल तर विचारा. जड असतो, दोघांनी उचला. पण त्याच्यावर पहिली उडी बसली की जो आनंद होतो तो मी अनुभवलाय.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा असाच एक गेम खेळतो, टीव्हीवरच्या स्पर्धेत माणसं मरतात आणि लोक ओरडतात. ठोकळ्यांची चित्रं आहेत, रक्त म्हणजे चार लाल चौकोन. तरी मनाला बरं वाटत नाही. बंद करू का?

उत्तर : आधी वेष्टनावरचं किंवा डाउनलोडच्या पानावरचं वयाचं चिन्ह बघा. युरोपातलं पेगी 3, 7, 12, 16, 18 असे आकडे देतं, अमेरिकेतलं ईएसआरबी अक्षरं. 12 किंवा त्यापुढचा आकडा असेल तर नवव्या वर्षी नको, यात मी तडजोड करत नाही. चौकोनी चित्रांमुळे गेम आपोआप लहान मुलांचा होत नाही.

चिन्ह 7 चं असेल तर अर्धा तास शेजारी बसा आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघा. मेल्यावर तो पुढे सरकून पुन्हा बटण दाबतो, ‘थांब, आता येतं मला’ म्हणतो, तर तो उडी शिकतोय. दात-ओठ खात कंट्रोलर आपटत असेल तर त्या दिवसापुरतं बंद करा. आणि एकदा सहज विचारा, ‘हे लोक कशाला रे ओरडतायत?’ माझ्या भाचीने यावर सांगितलं होतं, ‘त्यांना मी मरायला हवीय, म्हणून मी मरत नाही.’ ती तेव्हा दहा वर्षांची होती. मी तिचा गेम बंद केला नाही.

प्रश्न : ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ महिनाभर झुंजून संपवला, तर ‘हा सगळा सापळा होता’ असं काहीसं सांगून त्याने पुन्हा पहिल्या लेव्हलला आणून सोडलं. माझी प्रत खराब आहे का?

उत्तर : प्रत उत्तम आहे. 1985 पासून हा गेम असाच आहे. खरा शेवट बघायला सगळं दुसऱ्यांदा पार करावं लागतं, तेही आधीपेक्षा अवघड. एका फेरीत इथवर आलात, उड्या अंगात मुरल्यात. आत्ता कन्सोल बंद करू नका.