स्नायूपेशीत टी-ट्यूब्यूल कशाला लागतात?

तुमचा प्रश्न असा की नसेचा सिग्नल स्नायूपेशीच्या वरच्या पडद्यावरनं पळतोच, मग आत त्या टी-ट्यूब्यूल नावाच्या नळ्या कशाला, आणि कॅल्शियम त्यातनंच आत येतं का. मी सांगलीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो, दरवर्षी निम्मी पोरं इथंच घसरतात.

बरीच पोरं उसाच्या घरची, म्हणून मी फळ्यावर रानच काढतो. पाणी नुसतं बांधाच्या कडेला लावलं तर मधल्या उसापर्यंत झिरपणार कधी, म्हणून तर आपण सऱ्या पाडतो (ठिबकवाल्यांनी माफ करा). स्नायूची एक पेशी साधारण 50 ते 100 मायक्रोमीटर जाड, कडेपासनं एखादा पदार्थ झिरपत मधे जायचा म्हटलं तर आकुंचन सुरू व्हायच्या आत तो पोचतच नाही, हे स्नायूंवर काम करणारे शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1948 मध्ये गणित मांडून दाखवलं होतं. टी-ट्यूब्यूल म्हंजे तोच वरचा पडदा आत खोल शिरलेला, नळीतलं पाणी पेशीच्या बाहेरचंच, सरीतलं पाणी कृष्णेचं असतंय तसं. त्यामुळं झटका मिलिसेकंदात गाभ्यापर्यंत जातो आणि कडेचे, मधले सगळे तंतू एकदम ओढतात.

आता ऊस सोडा, कारण घोळ इथनंच सुरू होतो. पाण्यासारखं कॅल्शियम पण नळीतनंच येतं असं पोरं धरून चालतात. तसं नाही. नळीच्या दोन्ही अंगाला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पिशव्या खेटून असतात, कॅल्शियमचा साठा तिथं. व्होल्टेज बदललं की नळीच्या भिंतीतलं एक प्रोटीन जागच्या जागी हलतं आणि त्या हिसक्यानं पिशवीवरचं दार उघडतं, त्या दाराचं नाव रायनोडीन रिसेप्टर. मग कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटणं, ट्रोपोमायोसिन सरकणं, मायोसिननं अॅक्टिन धरणं (ही सगळी ओढणाऱ्या तंतूंतली प्रोटीनं), हे पुस्तकात बरं दिलंय.

हृदयाचं मात्र वेगळं हां. तिथं बाहेरचं थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं, पिशवीचं दार त्यानंच उघडतं. लंडनमधल्या सिडनी रिंगरचं बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यातल्या द्रावणात मस्त धडधडत होतं आणि डिस्टिल्ड वॉटर वापरल्यावर थंडावलं, 1883 ची गोष्ट, नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं ना. हातापायाचा स्नायू बाहेर कॅल्शियम नसलं तरी काही वेळ आखडू शकतो.

एक राहिलं. तुमच्याकडच्या आकृतीत नळी बरोबर झेड-रेषेवर (सार्कोमिअर म्हंजे तंतूचा आखडणारा एक तुकडा, त्याच्या कडेची रेषा) दाखवली असेल तर ती बेडकाची समजा, आपल्या हातापायाच्या स्नायूत ती ए (गडद) आणि आय (फिकट) पट्ट्याच्या सीमेवर असती, म्हंजे एका सार्कोमिअरला दोन.