गोव्यातल्या गवळी धनगरांच्या मुलांचा दिवस कसा जातो? गुरांमुळे या बिचाऱ्या मुलांची शाळा सुटते का?

'बिचारी' वाचलं आणि राहवलं नाही. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या धनगरवाड्यावर वाढलो. पहाटे धार काढून होईपर्यंत पारडी धरायची, दूध खाली रस्त्यापर्यंत पोचवायचं, मग शाळा. संध्याकाळी म्हशी मोजून आत घ्यायच्या, गोचीड काढायचे. झाला दिवस.

पाचवीत असताना सहामाहीच्या गणिताच्या पेपराला निघालो, तर थोरली म्हैस रात्रभर घरी आली नव्हती. तिचे दिवस भरले होते. दहा महिने दहा दिवसांचा हिशेब मीच ठेवला होता, भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून. व्यायला आलेली म्हैस आडोसा धरते, तशी ती व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, कारवीच्या झुडपांत सापडली. पारडाचं एकच खूर बाहेर, दुसरा पाय आत दुमडलेला. आजी म्हणाली, "बाबा, माझा हात जाड. तुझा बारीक आहे, तूच घाल." कळ ओसरली की पारडू किंचित मागे लोटायचं, आत फाटू नये म्हणून खूर मुठीत झाकायचं आणि पाय सरळ करायचा. पुढची कळ आली की मनगट हाडात चेंगरायचं. पारडू जिवंत निघालं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गासमोर विचारलं, "म्हशीने किती गुण दिले?" पोरं हसली. मी गप्प बसलो. गुरुजी, माझ्या रेघा एका दिवसानेही चुकल्या नव्हत्या.

शाळा सुटते, हो. पण ती गुरांमुळे नाही, अंतरामुळे आणि असल्या बोलण्यामुळे. १९९९ला म्हादई अभयारण्य झालं तेव्हापासून चराईवरही टांगती तलवार. २००३ला गावडा, कुणबी, वेळीप अनुसूचित जमातीत गेले, चांगलंच झालं. आम्ही मात्र बाहेरच राहिलो. आमच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचं कोण बघणार?

म्हशींचं हे सगळं माझ्या लहानपणचं. आता बऱ्याच वाड्यांवर म्हशी उरल्या नाहीत. आणि माझ्या बहिणीचं नाव चौथीनंतर शाळेतून काढलं, ते गुरुजींनी नाही, आम्हीच. ती चूक आमची.

तुम्ही शिक्षक असाल तर गैरहजर पोराला आधी विचारा, व्हाळाला पाणी किती होतं, गोठ्यात काय झालं. आणि पेपर पुन्हा घ्या. माझा घेतला नाही.