तेल कंपन्यांपुढे लोकांचं काही चालतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एखाद्या राज्याने हवामानबदलाचा कायदा केला की तेल कंपन्या पैसा ओतून तो हाणून पाडतात, मग असे कायदे करण्यात अर्थ काय. मी कॅलिफोर्नियात राहते, इथली मतदार आहे. माझ्या मते अर्थ नक्की आहे, फक्त कायदा मंजूर झाला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

2006 साली इथे एबी 32 हा कायदा झाला. 2020 पर्यंत राज्यातलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन 1990 च्या पातळीवर आणायचं, असं त्यात ठरलं. त्यावर सही करणारे गव्हर्नर श्वार्झनेगर रिपब्लिकन होते. पुढे मंदी आली, 2010 मध्ये बेरोजगारी 12 टक्क्यांच्या घरात होती, आणि नेमकी हीच वेळ साधून प्रपोझिशन 23, म्हणजे मतदारांनीच थेट कौल द्यायचा प्रस्ताव, मतदानाला आलं. पैसा मुख्यतः वलेरो आणि टेसोरो या टेक्सासच्या तेल कंपन्यांचा. नाव मात्र ‘कॅलिफोर्निया जॉब्ज इनिशिएटिव्ह’! आतली अट अशी: बेरोजगारी सलग चार तिमाह्या 5.5 टक्के किंवा त्याहून कमी राहीपर्यंत एबी 32 स्थगित. मतदारांना घरपोच येणाऱ्या सरकारी माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं की 1970 पासून असा काळ फक्त तीनदा आला. म्हणजे स्थगितीच्या नावाखाली कायदा बासनात गुंडाळायचा होता.

ज्याची नोकरी गेली त्याची भीती खरीच होती. त्याला हिमनग वितळल्याचं सांगून काय उपयोग? कायद्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांनी हे ओळखलं. फुफ्फुसांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था पुढे आली, सौरऊर्जेतले उद्योजक आले. रेगन यांचे परराष्ट्रमंत्री राहिलेले जॉर्ज शुल्ट्झ या मोहिमेचे सहअध्यक्ष झाले. हा पक्षीय वाद नाही, हे त्यामुळे लोकांना पटलं. 60 टक्क्यांहून जास्त मतदारांनी प्रपोझिशन 23 फेटाळलं. पुढे 1990 ची पातळी राज्याने 2016 मध्येच, म्हणजे चार वर्षं आधी गाठली, आणि तोवर बेरोजगारीही 6 टक्क्यांच्या खाली आली होती.

त्याच दिवशी प्रपोझिशन 26 मात्र मंजूर झालं. अनेक प्रकारची शुल्कं लावायला दोन तृतीयांश बहुमत सक्तीचं करणाऱ्या या प्रस्तावामागे शेवरॉनचा मोठा पैसा होता, पण सगळ्यांचं लक्ष 23 वर असल्याने त्याची पुरेशी चर्चाच झाली नाही. मला याची आजही चीड येते.

दुसरी लढाई जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती घराच्या दारात होती. लॉस एंजेलिसच्या विल्मिंग्टन भागात काही घरांच्या कुंपणापलीकडेच तेलाचे पंप वरखाली होताना दिसतात. 2022 मध्ये एसबी 1137 हा कायदा झाला: घरं, शाळा, दवाखाने यांच्यापासून 3,200 फुटांच्या आत, म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आत, नवी तेलविहीर नको. तेल उद्योगाने लगेच सार्वमतासाठी सह्या गोळा केल्या. हा अर्ज घरांजवळच्या विहिरी थांबवण्यासाठीच आहे असं सांगून आपली सही घेतली, अशा तक्रारी काही मतदारांनी केल्या. सह्या पुरेशा भरल्या आणि फेब्रुवारी 2023 मध्ये, सार्वमत होईपर्यंत, कायदा गोठला.

पण विल्मिंग्टनसारख्या वस्त्यांतल्या लोकांनी पाठपुरावा सोडला नाही, मोठी प्रचारमोहीम उभी राहिली, आणि जून 2024 मध्ये उद्योगाने सार्वमत मागे घेतलं. आता कोर्टात लढू म्हणाले. लढोत, कायदा तेव्हा लागू झाला.

तुम्हीही इथले मतदार असाल तर दुकानाबाहेर सही मागणाऱ्याला आधी एवढंच विचारा: यामागे पैसे कोणाचे? मोठ्या देणगीदारांची नावं दाखवणं इथे त्याला बंधनकारक आहे.