चराईचा मातीवरचा परिणाम मोजताय? पहिल्या वर्षी एवढंच करा

विषय छान निवडलात. महागडी यंत्रं लागत नाहीत, पण तुलना नीट लावावी लागते, आणि बहुतेक नवखे तिथेच फसतात. माळावरची मुरमाड जमीन चरलेली आणि ओढ्याकाठची काळी राखलेली, अशी जोडी घेतलीत तर दिसणारा फरक जमिनीचा असेल, मेंढ्यांचा नाही. एकाच उतारावर, सारख्या खोलीच्या मातीत एक तुकडा कुंपण घालून राखा, शेजारचा चरू द्या. जनावरं सोडण्याआधीचे नमुने दोन्हीकडून घ्याच. ते नंतर मिळत नाहीत.

बाकी:
- नमुने घेताना मेंढ्या बसवायचा वाडा, पाणवठा, झाडाची सावली टाळा. तिथे लेंड्या साचतात.
- पत्र्याचं नळकांडं जमिनीत ठोकून ठरावीक पाणी किती मिनिटांत मुरतं ते पाहा. ओल्या काळ्या मातीत खुरांनी जमीन दबते, ते इथे कळतं.
- प्रयोगशाळेकडून सेंद्रिय कर्बच (कुजलेल्या झाडपाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन) मागा. दख्खनच्या मातीत चुनखडी असते, एकूण कर्बात तीही मोजली जाते.

सेंद्रिय कर्बाचा आकडा एका हंगामात फारसा हलत नाही, म्हणून खचू नका. गवतावर लक्ष ठेवा: मारवेल, पवन्या ही चाऱ्याची चांगली गवतं हटून टोचरी कुसळी माजायला लागली तर चराईचा ताण वाढलाय.

सूक्ष्मजीव, उपग्रहचित्रं सध्या राहू द्या. त्याऐवजी कळपवाल्या धनगरदादांना रोज विचारून वहीत लिहा: किती मेंढ्या, किती वेळ, पाऊस कधी झाला होता. नुसतं ‘जास्त चराई’ लिहून भागत नाही.