वाचकांचे प्रश्न : भावात फरक, तरी तोटा का?

प्रश्न : ‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन गेमच्या ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, ८१ सिल्व्हरला बाय ऑर्डर (ठरावीक भावाला खरेदीची मागणी) लावून घेतलेली वस्तू ९० सिल्व्हरला विकली. तरी सोनं, म्हणजे खेळातले पैसे, कमीच झालं. असं का?

उत्तर : कारण विक्रीवर एकूण १५ टक्के कापले जातात. वस्तू विक्रीला लावताच ५ टक्के लिस्टिंग फी जाते आणि विकली गेली की आणखी १० टक्के. ९० सिल्व्हरमधून तुमच्या हाती साडेशहात्तरच आले, म्हणजे प्रत्येक नगामागे साडेचार सिल्व्हरचा फटका. खरेदीदाराला फी नसते, म्हणून हा खर्च आधी दिसत नाही.

हिशेब सोपा आहे: खरेदीभावाला ०.८५ ने भागा. ८१ चे सुमारे ९५.३ होतात, त्याखाली विकूच नका. ९९ ला विकली असती, तर ८४.१५ मिळाले असते.

बाय ऑर्डर लावली की पैसे तेव्हाच अडकतात, पण रद्द केल्यावर पूर्ण परत मिळतात. विक्रीचं तसं नाही. लिस्टिंग काढली तर वस्तू परत येते, ५ टक्के मात्र बुडतात. इथेच नवे खेळाडू सर्वात जास्त पैसे घालवतात: कुणी एका कॉपरने (सिल्व्हरहून लहान नाणं) भाव पाडला की लगेच लिस्टिंग काढून पुन्हा लावतात, आणि दर वेळी फी भरतात. माल रोज खपणारा असेल तर थांबा, समोरच्याचा साठा संपतो.

घाईत ‘लगेच विका’ दाबलं, तर सर्वात वरच्या बाय ऑर्डरचा भाव मिळतो आणि त्यावरही तेच १५ टक्के लागतात.